ऱ्होन नदींतील राख आणि पुनरुत्थानाची आशा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराची व धर्मगुरूंची आठवण होणें साहजिकच आहे. परंतु ज्यांनीं आपल्या श्रमांनीं हा धर्मग्राम उभा केला, त्यांतील बहुतेक जण आज कबरस्थानांत निजले आहेत. निजले आहेत असेंच म्हटलें पाहिजे. कारण प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं आपल्या दफनभूमीस जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ ‘निजण्याचें स्थान’ असाच होतो. जो निजतो तो उठावयाचा असतो. ही आशा केवढी किंमत देऊन राखली गेली, हें दाखविणारी एक हकीकत ख्रिस्तसभेच्या इतिहासांत आहे. ती येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १७७ चें साल. रोमच्या गादीवर मार्कस ऑरेलियस बादशहा होता. आजच्या फ्रान्समधील ल्यों शहरास तेव्हां लुग्दुनुम म्हणत. तेथील ख्रिस्ती मंडळीवर लोकांचा रोष झाला. प्रथम त्यांना स्नानगृहांत व बाजारांत येण्याची मनाई झाली. मग दगडफेक, लूट आणि तुरुंग. नव्वदी उलटलेले बिशप पोथिनस मारहाणीनें जर्जर होऊन दोन दिवसांनीं तुरुंगांतच वारले. कांहीं जण भयानें डळमळले. पण त्यांतलेही बहुतेक पुढें परत आले आणि धैर्यानें मरणास सामोरे गेले. ब्लांदिना नांवाची एक गुलाम स्त्री होती. तिचें शरीर इतकें दुबळें होतें कीं, हिच्यानें श्रद्धा कबूल करवेल कीं नाहीं, अशी तिच्या धनिणीला काळजी लागली होती. परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीनें छळ करणारेच दमले. ती दमली नाहीं. अखेरीस पोंतिकस नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलास धीर देऊन, त्याच्या मागून तिनें आपला प्राण देवाच्या हातीं दिला.

मागें राहिलेल्या बंधुजनांनीं हें सारें एका पत्रांत लिहून आशिया व फ्रिगिया येथील ख्रिस्तसभांस कळविलें. चौथ्या शतकांत कैसरियाचे बिशप युसेबियस यांनीं तें पत्र आपल्या इतिहासांत उतरून घेतलें, म्हणून तें आपल्यापर्यंत पोहोंचलें.

त्या पत्रांतील एक भाग वाचतांना मन गहिंवरून येतें. जिवंतपणीं जो सूड पुरा झाला नाहीं, तो शत्रूंनीं प्रेतांवर उगविला. सहा दिवस तीं शरीरें उघड्यावर पडून होतीं व त्यांवर पहारा होता. बंधुजनांनीं रात्रीच्या काळोखाचा आधार घेतला, पैसे देऊं केले, विनवण्या केल्या. पण मूठभर मातीही त्यांना देतां आली नाहीं. मग तीं शरीरें जाळून राख ऱ्होन नदीच्या प्रवाहांत लोटण्यांत आली. याचें कारणही छळकर्त्यांनींच बोलून दाखविलें: हे लोक पुनरुत्थानाच्या भरंवशावर मरणास तुच्छ लेखतात, तेव्हां ती आशाच नाहींशी करावी.

ख्रिस्ती धैर्याचें मूळ कोठें आहे, हें त्यांनीं बरोबर ओळखलें. चूक झाली ती एवढीच कीं, ती आशा हाडांवर व कबरेवर अवलंबून आहे असें त्यांना वाटलें.

या चुकीला उत्तर मिळालें तें त्याच शहरांत. पोथिनस यांच्या मागून तेथील बिशप झालेले संत इरेनियस यांनीं पुढें पाखंडमतांच्या खंडनार्थ पांच ग्रंथ लिहिले. ‘देह हा हीन आहे, त्याला तारण नाहीं,’ असें म्हणणारे लोक त्या काळीं होते. त्यांस इरेनियस यांनीं पांचव्या ग्रंथांत उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें: जो देह मुळीं नव्हता, तो ज्यानें मातींतून घडविला, त्याला तोच देह पुन्हां उभा करणें अवघड कां व्हावें? आणि जो देह प्रभूच्या शरीरानें व रक्तानें पोसला जातो, तो कायमचा नाशाचा धनी कसा होईल? गव्हाचा दाणा मातींत पडून जसा उगवतो, तसा परमप्रसादानें पोसलेला देहही नेमलेल्या वेळीं उठेल. याच इरेनियस यांस २०२२ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें.

ही हकीकत आपल्यासाठीं जुनी झालेली नाहीं. २०२० व २०२१ सालच्या महामारींत कितीएक घरांना आपल्या माणसाचें शेवटचें मुखदर्शनही घडलें नाहीं; कितीएकांना कबरेऐवजीं अग्नि मिळाला. ‘आतां त्याचें कसें होईल?’ हा प्रश्न ज्यांच्या मनांत सलत राहिला असेल, त्यांनीं ऱ्होन नदीची आठवण करावी. ख्रिस्तसभेनें १९६३ सालीं दहनावरील बंदी उठविली, तेव्हांही हेंच सांगितलें कीं, अग्नीनें देवाचें सामर्थ्य उणें होत नाहीं. दफनाची रीत मात्र तिला अधिक प्रिय आहे. आणि रक्षा पवित्र जागीं ठेवावी, ती वाऱ्यावर किंवा पाण्यांत टाकूं नये, असें तिनें २०१६ सालीं बजावलें. कारण आशा कबरेवर अवलंबून नसली, तरी जो देह देवानें घडविला व परमप्रसादानें पोसला, त्याचा मान राखणें हें त्या आशेचेंच लक्षण आहे.

म्हणून ज्युबिलीच्या दिवशीं मिस्सा आटोपल्यावर आपण कबरस्थानांत जाऊं, तेव्हां आपल्या वाडवडिलांच्या क्रुसापाशीं मेणबत्ती लावूं या. आणि एक मेणबत्ती त्यांच्यासाठींही लावूं या, ज्यांना कबर मिळाली नाहीं: जे दर्यावर गेले व परतले नाहींत, जे परमुलखांत वारले, ज्यांची राखही हातीं आली नाहीं. त्यांची जागा आपल्याला ठाऊक नाहीं. प्रभूला ती ठाऊक आहे.