कोपरच्या उकाड्यात ग्रेनाश

ग्रेनाश द्राक्षाची दाट लाल वाइन वर्षानुवर्षं मुरवावी, हा फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या दक्षिणेकडचा रिवाज. तिथल्या शातोनफ-द्यू-पाप वाइनच्या नियमांवर १९३६ साली सरकारी मोहोर उमटली. असा रिवाज ठाणे-कल्याण पट्ट्यात नाही, म्हणून इथल्या लोकांना चोखंदळ जीभच नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो मला चुकीचा वाटतो. पेय किती दिवस ठेवायचं हे इथे हवेने ठरवलं. पहाटे उतरवलेली ताडी गोड असते, दुपारपर्यंत ती चढते आणि संध्याकाळी आंबट होते. तिची पारख करायची तर घड्याळ पाहावं लागतं. जे पेय समुद्रमार्गे यायचं त्यालाही उष्णता सोसावी लागे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मदेरा बेटावरून वाइनची पिंपं घेऊन निघत. ही वाइन उन्हाने बिघडण्याऐवजी खुलते, हे त्या प्रवासांतूनच व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं.

यावर कोणी म्हणेल, हवेला कशाला दोष देता, कायद्यानेच परंपरा मोडली. कायद्याचा घाव खोल होता, हे खरं. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आणली, १९४९मध्ये मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला. पण हा घाव मोहाच्या दारूवर आणि ताडीवर बसला. मुरवलेल्या द्राक्षवाइनची परंपरा मोडायला आधी ती असायला हवी होती. कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून गाडी वसईला जाते. त्या वसईत १५३४ ते १७३९ अशी दोन शतकं वाइन पिणारे पोर्तुगीज राज्य करत होते. त्यांच्यामागे किल्ला राहिला, चर्च राहिली. वाइन मुरवण्याची रीत मात्र या किनाऱ्यावर रुजली नाही.

त्यातही ग्रेनाश नाजूक. साल पातळ, साखर भरपूर, त्यामुळे अल्कोहोल सहज चौदा टक्क्यांवर जातं. पण हवा लागली की ती लवकर उतरते, म्हणून ऱ्होनमधले अनेक जुने उत्पादक तिला लहान लाकडी पिंपांऐवजी सिमेंटच्या मोठ्या टाक्यांत ठेवतात. तरुणपणी तिला स्ट्रॉबेरीचा वास येतो. बारा-चौदा अंशांच्या थंडाव्यात नीट मुरली तर पेल्याच्या कडेला विटकरी छटा उतरते आणि सुक्या अंजिराचा, चामड्याचा वास येऊ लागतो. डोंबिवली-कोपरच्या मे महिन्यात, बंद फ्लॅटमधल्या कपाटात, हीच बाटली काही आठवड्यांत शिजवलेल्या जॅमसारखी लागते. तेव्हा स्थिर तापमानाचं वाइन-कपाट नसेल तर मुरवण्याच्या नादाला लागू नका. बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवा, अर्धा तास आधी बाहेर काढा आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी संपवा.