अवस्थेचे नाव, आरोपाचे नाव

स्त्रीला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या मराठी शिव्यांचा मागोवा घेतला असता त्यांपैकी बऱ्याच शब्दांत मुळात शिवी नव्हतीच, असे आढळते. ‘रांड’ हा शब्द संस्कृत ‘रंडा’ या शब्दापासून आला आणि विधवा हा त्याचा रूढ अर्थ होता. ‘सटवी’ ही बाळाच्या सहाव्या रात्री पूजिली जाणारी षष्ठी. ‘वांझ’ ही केवळ देहस्थिती. नवरा नसणे, मूल नसणे या अवस्थांची नावेच पुढे आरोप बनली. ‘विधुर’ या शब्दाच्या वाट्याला मात्र असे अर्थांतर आले नाही.

ही विषमता बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात उघड केली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील खटल्याचे. सर्व दुर्गुणांची नावे स्त्रीलाच का चिकटावीत, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो विचारताना बायकांना उद्देशून वापरली जाणारी झणझणीत बोली त्यांनी पुरुषांवरच उलटवली.

विसाव्या शतकात ताराबाईंचा वऱ्हाड आणि छत्तीसगढचा दुर्ग जिल्हा हे १९५६ पर्यंत नागपूरहून चालणाऱ्या एकाच प्रांतात होते. दुर्गमधील भिलाई येथे १९५९ साली पोलादाची पहिली झोतभट्टी पेटली आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. भोवतालच्या छत्तीसगढी बोलीत स्त्रीवरचा सर्वांत जड शब्द म्हणजे ‘टोनही’, आपल्याकडील चेटकीण. मराठी घरांत दिव्याची अवस पाळली जाते, त्याच अमावास्येला तेथे हरेली असते आणि बाधा टळावी म्हणून दारांना कडुलिंबाचे डहाळे लावतात. ‘टोनहा’ हे पुंलिंगी रूप भाषेत आहे. पण आरोप प्रामुख्याने होतो तो विधवेवर, एकाकी वा निपुत्रिक स्त्रीवर. तिच्या नावावर जमीन असेल, तर त्याला आणखी एक कारण मिळते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने स्त्रीला उद्देशून काढलेल्या अपशब्दाकडे विनयाचा अवमान म्हणून पाहिले. छत्तीसगढच्या २००५ च्या टोनही प्रताडना निवारण अधिनियमाची दृष्टी वेगळी आहे. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणे हाच तेथे तीन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र गुन्हा आहे. त्या नावाखाली छळ केल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. हात उगारला जाण्यापूर्वी शब्द उच्चारला जातो आणि तो शब्दच गावाला मारण्याची मुभा देतो, हे सत्य या कायद्याने ओळखले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठरवला. तेथे भांडण बहुधा पुरुषांचे असते, अपमानित होणारी स्त्री मात्र जागेवर नसतेही. दंडाने जीभ आवरेल. परंतु नवऱ्याविना वा मुलाविना जगणारी बाई गावाला संशयास्पद वाटते, तोवर जुन्या शिवीच्या जागी नवी शिवी घडतच राहील. म्हणून शब्दकोशातील या नोंदी भाषेच्या अभ्यासकाने समाजाच्या इतिहासाची साधने म्हणूनच वाचल्या पाहिजेत.