भादव्याचे काम

आमच्या तालुक्याच्या गावातील हौशी नाट्यमंडळी यंदा ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवीत आहेत. बँकेतले दोघे, कोर्टातला एक कारकून, तीन शिक्षक, एक औषधविक्रेते आणि त्यांच्या घरातल्या दोघी-तिघी अशी ही मंडळी आहे. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री शाळेच्या वर्गात बाके सारून ते तालीम करतात. या माणसांविषयी मला आदर आहे. त्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे या नाटकाचा दोन पानी इतिहास मागितला. “तुम्ही इतिहास शिकवता, शिवाय या नाटकात कामही केलं आहे,” असे ते म्हणाले. केले आहे. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी याच नाटकात भादव्या झालो होतो. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की, हा इतिहास दोन पानांत मावणारा नाही, आणि जे मावणार नाही ते स्मरणिकेत छापलेही जाणार नाही. म्हणून ते येथे मांडतो.

या नाटकाची वंशावळ मोठी आहे. मोलियरने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ नावाचे लहानसे प्रहसन केले. एका मुलीच्या हातून तिच्या प्रियकराची लहानशी तसबीर पडते, ती दुसऱ्याच्या बायकोला सापडते आणि संशयाचे चक्र सुरू होते. आर्थर मर्फी या आयरिश लेखकाने त्याच धाग्यावर १७६१ साली लंडनच्या रंगभूमीसाठी पूर्ण लांबीचे नाटक लिहिले. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठीत आणले, ते १८९३ चे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्याला पदांची जोड मिळून त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले. देवल १९१६ च्या जूनमध्ये वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची वर्णने अजून वाचायला मिळतात.

या जातीच्या नाटकाला सुखात्मिका म्हणतात. प्रतिष्ठित माणसांच्या चालीरीतींना, त्यांच्या शिष्टाचाराला, घराण्याच्या अब्रूच्या धास्तीला ते हसते. पण हे हसणे घरातल्या घरातले असते. ज्याला ती रीत ठाऊक आहे, आणि ती मोडली तर काय होते हेही ठाऊक आहे, तोच मनमोकळा हसू शकतो. जो त्या घराच्या ओसरीपर्यंतच पोचला, त्याने कुठे हसावे? मला वाटते, आपल्या समीक्षकांनी हा प्रश्न फारसा विचारलेला नाही.

देवलांनी मर्फीचे नाटक मराठीत आणताना एक बदल केला, आणि तो बदल हाच माझ्या मते या नाटकाचा खरा इतिहास आहे. मर्फीची बेलिंडा ही सभ्य गृहस्थाची मुलगी आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. असे का? कारण त्या काळच्या महाराष्ट्रातील ‘सभ्य’ घरात बेलिंडा सापडणेच शक्य नव्हते. मुलगी कळती होण्याआधी तिचे लग्न उरकलेले असे. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. त्याने वय दहावरून बारावर नेले, तर केवढा गहजब उडाला! अशा समाजात प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी, त्याच्यावर रुसणारी, स्वतःच्या लग्नाविषयी स्वतः बोलणारी उपवर तरुणी लेखकाने आणायची कुठून? ती त्याला कलावंतिणीच्याच घरात सापडली. म्हणजे प्रतिष्ठितांच्या करमणुकीसाठी जे प्रेम रंगभूमीवर हवे होते, ते त्यांच्या माजघरात नव्हते. ज्या घराला ते दिवसा नावे ठेवत होते, तिथून ते उसने आणावे लागले. आणि तिथली मुलगीसुद्धा रंगभूमीवर उभी राहिली ती पुरुषाच्या देहाने.

देवलांना याची जाणीव नव्हती असे मी म्हणणार नाही. सहा वर्षांनी, १८९९ साली, त्यांनीच ‘शारदा’त म्हाताऱ्याला विकली जाणारी मुलगी उभी केली. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ला मराठी साज चढवला तोही त्यांनीच. तिथेही नायिका गणिकाच आहे. (त्या संस्कृत नाटकाच्या शेवटच्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ आहेत. साऱ्या नाटकात माणुसकीने वागणाऱ्या मोजक्या माणसांत ते बसतात. आमच्या मुलांना हे कोणी शिकवत नाही.) रेवतीला आईच्या मार्गाने जायचे नाही, तिला संसार हवा आहे, आणि देवल तिला तो देतात. त्या काळी हे धाडस होते. पण तिची सुटका अखेर एका शेठच्या मर्जीवर आणि त्याचा संशय फिटण्यावर अवलंबून राहते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील आपल्या समाजाच्या स्त्रियांसमोर, मुरळ्या-जोगतिणींसमोर भाषण केले, तेव्हा प्रश्न तोच होता. तिथे मात्र एकीला उचलून घेणारा कोणी अश्विनशेठ नव्हता. ते जिणे सोडा, संसार करा, असे एका अख्ख्या समुदायाला उघड सभेत सांगितले गेले. पोटाचे काय, हा त्या स्त्रियांपुढचा सवालही त्याबरोबर आलाच.

आमच्या वेळच्या प्रयोगात रेवतीची आई मघा हिचा भाग जवळजवळ सगळा गाळला होता. ‘कुटुंबासह येणारे प्रेक्षक’ हे कारण दिले गेले. त्यामुळे रेवती कुठल्याही चांगल्या घरची मुलगी वाटू लागली, आणि तिच्या लग्नात अडचण ती काय, हेच कोणाला कळेना. लोक हसले. नाटक ‘पडले’ नाही.

आता भादव्याकडे येतो. या नाटकातील पात्रांची नावे पंचांगातून घेतलेली आहेत. बायकांना नक्षत्रांची नावे: कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पुरुषांना महिन्यांची. पण महिने सगळ्यांच्या वाट्याला सारखे आलेले नाहीत. फाल्गुनाला ‘राव’ लागतो, अश्विनाला आणि वैशाखाला ‘शेठ’ लागतो. भाद्रपद हा काही हलका महिना नाही. त्यात गणपती आहेत, पितृपक्ष आहे. पण तो नोकराच्या वाट्याला आला की त्याचा ‘भादव्या’ होतो. ही गंमत कानाला इतकी सहज लागते की तीत काही आहे असे वाटतच नाही. माझ्या पणजोबांचे नाव गावच्या कागदांत असेच शेवटी ‘या’ लावून लिहिलेले आहे. त्यांच्या वयाच्या पाटलाचे नाव त्याच पानावर ‘राव’ लावून आहे. लिहिणारा एकच, शाईही एकच.

हे पणजोबा खामगावच्या कापूसबाजारात गाड्या हाकायचे. खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० साली, इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस हवा होता म्हणून. कापसाच्या पैशामागे नाटक मंडळ्याही वऱ्हाडात आल्या. पणजोबांनी एका कंपनीच्या पेट्या स्टेशनावरून वाहून नेल्या होत्या, असे आजोबा सांगत. नाटक पाहिले का, तर नाही. कनातीबाहेर बैलांपाशी बसून गाणी ऐकली. आमच्या घराण्याचा मराठी रंगभूमीशी आलेला तो पहिला संबंध.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीही याच खामगावात आणि पुढे जळगाव-जामोदला वकिली केली. त्यांच्यासारखा विनोदकार या जिल्ह्यात राहिला याचा आम्हांला अभिमान सांगितला जातो, आणि तो रास्त आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून त्यांनी आपल्याच लोकांच्या भोळसटपणाची खिल्ली उडवली. त्यांच्या एका नाटकाचे नाव ‘मूकनायक’. ते १९०१ चे. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत दुसरा ‘मूकनायक’ निघाला, तो बाबासाहेबांचा. शब्द तोच, पण नाटकात नायक म्हणजे कथेचा पुरुष, आणि पाक्षिकात नायक म्हणजे मुक्यांचा पुढारी. भादव्या यातल्या कुठल्या अर्थाने मुका? तो तर सारखा बोलतो. मालकाच्या संशयाविषयी, मालकिणीच्या रागाविषयी बोलतो. स्वतःविषयी मात्र त्याला काही बोलायचेच नसते.

मला हे काम मिळाले ते माझ्या भाषेमुळे. दिग्दर्शक म्हणाले, “तुला काही वेगळं करावं लागणार नाही, जसा बोलतोस तसाच बोल.” मला आनंदच झाला. प्रयोगाला वडील आले होते, धुतलेले धोतर नेसून. ते शेवटच्या रांगेत बसले. ते त्या वेळी सालदारकी सोडून थोडेच दिवस झाले होते. माझ्या प्रवेशांना हशा होता, टाळ्या होत्या. घरी येताना ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालकाच्या मांगं मांगं पळाचं काम त म्या आयुष्यभर केलं बापा. त्याच्यासाठी कालेजात कायले जा लागते?” मी त्यांना नाटक आणि जीवन यांतला फरक समजावू लागलो. ते ऐकत होते, पण मला माझेच बोलणे पटत नव्हते.

देवल जन्मले ते वर्ष १८५५. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यातही पंचांग आहे. जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांचे भय घालतो आणि तिच्या घरातले धान्य, पैसे, शेवटी कर्ज काढून मिळालेले सुद्धा, ब्राह्मणभोजनात संपवतो. आणि त्यात विदूषक आहे. जुन्या नाटकांतला विदूषक राजाचा सोबती असतो. हा राजापाशी नाही, जोशापाशीही नाही. तो प्रेक्षकांच्या बाजूला उभा राहून जोशाच्या चालीरीतींची सालटी काढतो. शेवटी ते नवरा-बायको शाळेत जायचे ठरवतात. चालीरीतींना हसणारे नाटक आपल्याकडे याच्याआधी कोणी लिहिले आहे का? दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून आले १९७९ मध्ये, म्हणजे एकशे चोवीस वर्षांनी. इतक्या काळात मराठी प्रेक्षकाला हसायला कोणी शिकवले आणि कशाला हसायला शिकवले, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

ते हस्तलिखित पडून होते, पण ते हसणे पडून राहिले नाही. सत्यशोधक जलशांनी ते उचलले. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा गण आणि गौळण बदलून टाकली आणि बतावणीत भटजी, सावकार, पाटील यांना आणून उभे केले. दिवसभर राबलेली माणसे कंदिलाच्या उजेडात त्यांच्यावर पोटभर हसली. ते कलावंतही हौशीच होते, पण रंगभूमीच्या इतिहासात ‘हौशी’ या प्रकरणात त्यांचे नाव येत नाही. ते ‘प्रचार’ या प्रकरणात जाते.

याचा अर्थ ‘संशयकल्लोळ’ करू नये असा नाही. मी ते पुन्हा वाचले आणि पुन्हा हसलो. फाल्गुनरावाच्या संशयात पुरुषी मालकीचे जे हसे होते, ते आमच्याही घरांना लागू आहे. त्यातून आपण सुटलेलो नाही. मी मंडळींना दोन पाने लिहून दिली. त्यांत बेलिंडा आणि रेवती यांच्यातील फरक लिहिला आणि मघेचा भाग गाळू नये असे सुचवले. भादव्याच्या कामासाठी त्यांनी माझ्या वर्गातला एक मुलगा निवडला होता. त्याचे कारण मी विचारले नाही, ते मला ठाऊक होते. तो मुलगाच म्हणाला, “सर, मले फाल्गुनराव करू द्या ना. माह्यं पाठ हाये.” त्याने आमच्या स्टाफरूममध्ये फाल्गुनरावाचा एक अख्खा प्रवेश करून दाखवला. उच्चार आमचेच होते, पण संशय अस्सल होता. औषधविक्रेत्यांना तो आवडला. बँकेतले म्हणाले, प्रेक्षकांना खटकेल. शनिवारी तालमीत ठरवायचे आहे.