सनदेतली चतुःसीमा आणि पडद्यावरची रेषा

गुहागरच्या खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत समुद्राला समांतर जाणारा जो लांबच लांब रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पश्चिमेकडील वाड्यांच्या परसदारी थेट पुळण, अशी या गावाची ठेवण असल्यामुळे येथील जमिनीचे बहुतेक तुकडे अरुंद आणि लांबोडके आहेत. असा एखादा तुकडा जुन्या काळी कोणास इनाम मिळे अथवा खरेदीखताने एका हातातून दुसऱ्या हातात जाई, तेव्हा त्याचे चित्र कोणी काढीत नसे. कारकून चतुःसीमा लिही. पूर्वेस सरकारी वाट, पश्चिमेस समुद्राची पुळण, दक्षिणेस पऱ्ह्या, उत्तरेस अमक्याचा गडगा, एवढ्या चार कलमांत वाडीची आकृती कागदावर बंदिस्त होई, आणि तंटा उपस्थित झाल्यास पंच तेच कागद हाती घेऊन जागेवर जात व वाचता वाचता ती आकृती जमिनीवर पुन्हा उभी करीत.

पुढे इंग्रजी अमदानीत, इंदापुरास १८३६ साली आरंभ झालेल्या महसुली पाहणीचे लोण मुंबई इलाख्यात पसरत पसरत कोकणपट्टीत पोचले, आणि शब्दांच्या जागी आकडे आले. शंकू आणि साखळी घेऊन आलेला मोजणीदार शेताच्या पोटातून एक सरळ आधाररेषा धरी, तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे लंब मोजी आणि ती सर्व मापे टिपणात उतरवून घेई. या पद्धतीतील मर्म असे की, जपून ठेवण्याची मुख्य वस्तू नकाशा नसून टिपण ही होती. नकाशा कसरीने खाल्ला तरी टिपण शाबूत असले म्हणजे तोच नकाशा हवा तेवढ्या मोठ्या किंवा लहान प्रमाणात नव्याने काढता येई आणि त्याच्या रेषेच्या रेखीवपणात यत्किंचितही न्यून येत नसे.

भूमी-अभिलेखाचे हे प्रकरण चित्रकलेच्या लेखात कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज संगणकावर ज्या चित्रप्रकाराला व्हेक्टर चित्र म्हणतात, आणि जो ‘इंकस्केप’सारख्या मोफत प्रणालीच्या साहाय्याने शाळकरी मुलालाही हाताळता येतो, त्याची सारी भिस्त याच टिपणाच्या तत्त्वावर आहे. छायाचित्र म्हणजे लक्षावधी रंगीत चौकटींची दाट पेरणी. ते फुगवू लागले की त्या चौकटी डोळ्यांना टोचू लागतात. व्हेक्टर चित्रात मात्र चौकटी नसतातच. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, येथे एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ, त्यात नारिंगी भरण, कडेला काळी किनार, असा लेखी मजकूर तेवढा जतन केलेला असतो आणि संगणक दर वेळी तो वाचून आकृती नव्याने रेखाटतो. त्यामुळे टपाल तिकिटाएवढे चित्र आणि बाजारपेठेत टांगायचा फलक या दोहोंना एकच लेख पुरतो.

चित्र काढणे कोकणाला कधी जड गेलेले नाही. भाताच्या तुसाच्या पांढऱ्या राखेने ठिपके मांडून ते जोडीत जाणाऱ्या बायकांना बिंदू आणि रेषा यांचा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही, आणि कागदावर आराखडा न काढता केवळ नजरेच्या अंदाजाने होडीच्या फळ्यांना बाक देणाऱ्या सुतारांना वक्ररेषेचे वर्म हातानेच कळत होते. जड होते ते चित्राची प्रत काढणे. त्या कामाचे सामर्थ्य दीर्घ काळ मुंबई-पुण्याच्या छापखान्यांकडे राहिले, आणि गुहागरच्या मुलाने कोणती चित्रे पाहावी याचा निर्णयही त्यामुळे तेथेच होत गेला.

याची साक्ष देण्यास गुहागर तालुक्याचाच एक पुत्र उपलब्ध आहे. विनायक कोंडदेव ओक यांचा जन्म १८४० साली हेदवी येथे झाला. दशभुज गणपतीमुळे यात्रेकरूंना परिचित असलेले हे गाव मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासातही मोडते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ हे मुलांसाठीचे मासिक हाती घेतले आणि १९१४ साली देहावसान होईपर्यंत, म्हणजे तीन तपांना थोडी कमी इतकी वर्षे, ते निष्ठेने चालविले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, असा सकस आणि सुबोध मजकूर त्यात येई. परंतु हेदवीत जन्मलेल्या या लेखकाला मासिक काढण्यासाठी मुंबईच गाठावी लागली, कारण सुबक देवनागरी टाइप ओतणारा जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना तेथे होता, आणि ‘बालबोध’ त्याच छापखान्याचे अपत्य होते.

मजकुराचे एक वेळ निभे. चित्राचे त्याहून कठीण. टाइपाच्या शेजारी चित्र छापावयाचे तर ते टाइपाच्याच उंचीच्या ठशावर असावे लागे. त्यासाठी कठीण लाकडाचा आडवा छेद घेऊन, गुळगुळीत करून, त्यावर आकृती उलटी उतरवीत, आणि कारागीर जेथे पांढरे हवे तेथले लाकूड बारीक हत्याराने कोरून काढी, जेणेकरून रेषा तेवढ्या उंच राहाव्यात आणि शाई त्यांनाच लागावी. एखाद्या माडाच्या झावळीचे चित्र घ्या: चित्रकाराच्या लेखणीला जी झावळी काही क्षणांचे काम, तिच्या प्रत्येक दोन पात्यांमधली पोकळी कोरणाऱ्याला स्वतंत्रपणे उकरावी लागे, आणि हत्यार एकदा घसरले की पाते गेले ते गेलेच. नंतर जस्ताचा लाइन-ब्लॉक आला. त्यात चित्राचा फोटो घेऊन तो पत्र्यावर उतरवीत, आणि रेषा नसलेला भाग आम्लाने खाऊन जाई. कोरणाऱ्याचे कष्ट वाचले, पण कॅमेरा, आम्ल आणि ब्लॉकमेकर हे सारे शहरातच होते, आणि ब्लॉकचा आकार एकदा ठरला की तो लहान-मोठा करणे म्हणजे नवा ब्लॉक करून नवे पैसे मोजणे. खेड्यातल्या उत्सवाच्या पत्रिकेवर म्हणूनच वर्षानुवर्षे तोच गणपती, तेच कलश आणि तीच नक्षीची पट्टी दिसे. छापखान्याच्या खणात जे ठसे पडलेले असत, त्यांतून निवड करावयाची एवढेच यजमानाच्या हाती होते.

शिळाछापाने ही अडचण काही अंशी दूर केली होती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग शिळेवर छापले, पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली आणि १८९४ साली राजा रविवर्म्यांचा रंगीत शिळाछापाचा कारखाना मुंबईत उभा राहिला. त्यांतून लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, हे खरे. तथापि त्या देवता कोकणातल्या माजघरात भिंतीवर विराजमान झाल्या, तरी त्या माजघरातल्या अडकित्त्याचे, रोवळीचे किंवा विळीचे चित्र कोणी छापले नाही. बाजाराला त्याची गरज नव्हती.

दरम्यान चित्रकलेचे शिक्षण मात्र खेड्यापर्यंत पोचले होते, आणि त्याचे श्रेय बव्हंशी ड्रॉइंग मास्तर नावाच्या उपेक्षित व्यक्तीला द्यावे लागते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या छायेखाली जी शालेय चित्रकला वाढली, तिचे आजचे रूप म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचे कौतुक सर्वत्र होते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची कलमे दुसरीच आहेत. कर्तव्य भूमितीत मुलगा कंपासाने वर्तुळाला स्पर्शिका काढतो, अक्षरलेखनात चौकटी आखून अक्षराची जाडी सांभाळतो, आणि संकल्पचित्रात वर्तुळे, त्रिकोण व पट्टे एकमेकांत गुंतवून, एकाच आकृतीची आवर्तने फिरवून, सपाट रंग भरतो. व्हेक्टर प्रणालीत नवशिक्याला पहिल्या आठवड्यात जे शिकवितात, ते याहून निराळे नाही. स्वच्छ बंदिस्त रेषा आणि सपाट रंग यांतून केवढे वाङ्मय उभे करता येते, हे शि. द. फडणीसांनी मराठी वाचकाला दाखवून दिलेच आहे. त्यांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी काढलेली चित्रे ज्यांनी बालपणी पाहिली, त्यांना साध्या चित्राची थोरवी नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नाही.

संगणकाकडची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती परमुलखातली आहे. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेषा काढण्याची ‘स्केचपॅड’ प्रणाली अमेरिकेत सिद्ध केली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याचा बाक आकड्यांत कसा बसवावा या विवंचनेत दोन माणसे होती: सिट्रोएन कारखान्यातले पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कारखान्यातले पिएर बेझिए. कास्तेल्जोंनी १९५९ सालीच उत्तर शोधले होते, पण कारखान्याने ते गुप्त ठेविले, आणि वक्ररेषेला नाव मिळाले ते बेझिएंचे. जहाजबांधणीच्या आराखड्यात लवचीक पट्टीला वजने लावून जो बाक काढीत, तोच येथे दोन टोके आणि दोन खुंट्या एवढ्यांवर आला. विकत घ्यावयाच्या प्रणाली १९८०च्या दशकात बाजारात आल्या; त्यांची किंमत तालुक्याच्या गावातील डीटीपीवाल्याच्या आवाक्याबाहेरची असल्याने त्यांच्या उसन्या, म्हणजे स्पष्ट शब्दांत बेकायदा, प्रतींवर देशभर लग्नपत्रिका आणि फलक तयार होत राहिले, व त्याबद्दल कोणास फारशी खंतही वाटली नाही.

या परिस्थितीला कायदेशीर वाट मिळाली ती दोन घटनांनी. २००१ साली एस.व्ही.जी. हा खुला चित्रलेख सर्वमान्य झाला. तो साध्या अक्षरांत असल्यामुळे कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येतो. आणि २००३ साली ‘सोडिपोडी’ नावाच्या प्रकल्पातून फुटून काही स्वयंसेवकांनी ‘इंकस्केप’ सुरू केले, ज्याच्या वापरास, वाटपास आणि दुरुस्तीस कोणाची परवानगी लागत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात त्याचे पाठ तयार केले असून त्यांत वारली चित्र आणि कोयरीची नक्षी यांना स्थान दिले आहे, ही गोष्ट अभिनंदनीय होय.

आता एक पोफळ काढून पाहू. प्रथम उंच, अरुंद आयत. त्याचे पथात रूपांतर करून मधल्या कडा किंचित आत ओढल्या की खोड झाले. खोडावर आडव्या बारीक रेषा, गळून गेलेल्या झावळ्यांच्या खुणा. मग लेखणीच्या अवजाराने एकच झावळी: बुंध्याशी टिचकी, शेंड्याशी टिचकी देऊन न सोडता ओढले की बेझिएंची खुंटी बाहेर येते व रेषेला बाक मिळतो, परतीची रेषा तशीच काढून आकृती बंद करावी. आकृतीवर दुसऱ्यांदा टिचकी दिल्यावर जी फिरकीची बाणचिन्हे येतात, त्यांच्या मध्यावरचे लहान क्रूस ओढून बुंध्यावर आणावे, कंट्रोल आणि डी दाबून दुसरी झावळी घ्यावी आणि ती फिरवावी; अशा सहा-सात झाल्या की मुकुट सजतो. खाली नारिंगी लंबगोलांचा घोस. नवशिक्याची हमखास चूक अशी की, तो पेन्सिलीचे अवजार घेऊन माउसने रेघ ओढतो आणि शेकडो बिंदूंची थरथरती कड निर्माण करतो. चार बिंदूंत जमणारी कड चाळिसांत काढू नये. जमल्यास काढून टाकावे ते बिंदूच.

प्रणाली निर्दोष आहे असे मात्र नाही. छपाईच्या चार रंगांची व्यवस्था तिच्यात अद्याप कच्ची आहे, त्यामुळे पडद्यावरचा हिरवा कागदावर मलूल उतरू शकतो; आणि चित्रात देवनागरी मजकूर असल्यास फाइल दुसरीकडे धाडण्यापूर्वी अक्षरांचे पथ करून घेणे इष्ट, एरवी तेथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की शिरोरेखेची आणि जोडाक्षरांची दैना होते. व्यावसायिक छापखान्याला या उणिवा खटकतील. शाळेला खटकण्याचे कारण नाही.

विकिमीडिया कॉमन्स हे २००४ पासून चालू असलेले सार्वजनिक चित्रभांडार एस.व्ही.जी. चित्रे स्वीकारते, आणि तेथले चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकाला वा ज्ञानकोशाला मुक्तपणे घेता येते. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, अंजनवेल, वेलदूर येथील चित्रकला-शिक्षकांना आमची विनंती आहे की, रेखाकला परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून संकल्पचित्राच्या जोडीला एकेक स्थानिक वस्तू या प्रणालीत काढून घ्यावी: आंबे उतरवायचा झेला, कोळ्यांचा पाग, नारळ सोलायची पहार, सुपारीचा अडकित्ता, जाखडीतला मृदंग. चित्राखाली वस्तूचे गावात चालणारे नाव लिहावे आणि ते भांडारात दाखल करावे. शाळेतला जुना संगणकही या कामास पुरतो.