तगर
तगर : दख्खनमधील प्राचीन व्यापारी नगर. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख असून टॉलेमीच्या ‘भूगोला’तही तो आढळतो. पेरिप्लसनुसार पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांनी भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावीत. रा. गो. भांडारकरांनी धारूर (जि. बीड) हेच तगर असावे, असे सुचविले, तथापि जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेर (जि. धाराशिव) असल्याचे प्रतिपादिले. ‘तगर’ या नावाचेच ‘तेर’ हे रूप झाले, असे त्यांचे म्हणणे होते. तेथील उत्खननांत सातवाहनकालीन वसाहतीचे व रोमन व्यापारसंबंधांचे पुरावे मिळाल्याने त्यास पुष्टी मिळाली. परकीयांनी नोंदविलेले नाव अशा प्रकारे स्थानिक उच्चारात टिकून राहिले.