दख्खनचे दंगे आणि गहाणाचा व्यवहार

चार पैसे गाठीशी जमले की शहरातल्या माणसाचे लक्ष प्रथम जमिनीकडे जाते. कोणी प्लॉट घेतो, कोणी लिलावात निघालेले घर पाहून येतो, कोणी तारण घेऊन व्याजाने रक्कम देतो, तर कोणी दुसऱ्याने दिलेल्या कर्जाचे गहाणखतच स्वस्तात पदरात पाडून घेण्याच्या विचारात असतो. अशा नवशिक्या गृहस्थांना सल्ला देणारे उदंड असतात. आम्ही त्यांना आज त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी नेणार आहोत.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पुढे पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावी तेच घडले. या दंग्यांत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. खते, रोखे, हुकूमनामे हाती लागले की त्यांची होळी करावी. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर त्याच्या अंगाला बहुधा हात लावू नये, अशी त्यांची रीत होती. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु ज्या कुणब्याला अडाणी म्हणून हिणवीत, त्याला सावकाराचे बळ कशात साठविले आहे हे नेमके उमगले होते, एवढे मात्र कबूल करावेच लागेल.

कागदाला हे बळ आले कोठून? १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन-मोजणी सुरू झाली. शेताला नंबर पडला, त्यावरचा सारा तीस वर्षांपुरता ठरला, आणि विकता येईल, गहाण टाकता येईल असे निश्चित तारण रयतेच्या हाती आले. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मोठ्या पेढ्यांनी गावच्या सावकाराला व सावकाराने रयतेला सढळ हाताने पैसा दिला. युद्ध संपले, भाव कोसळले. तशात १८६७ मध्ये इंदापुरापासून साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. वरच्या पेढ्यांचा तगादा सावकाराला, सावकाराचा रयतेला, अशी ती साखळी होती. केवळ सावकाराला राक्षस ठरवून हा इतिहास समजत नाही.

तिसरे कारण कायद्याचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग पडले. हेतू कर्जदाराच्या हिताचा होता, पण घडले उलटे. समजा, शंभर रुपये दरमहा दोन टक्क्यांनी दिले. तीन वर्षांत व्याज झाले बहात्तर. मुदत भरत आली की जुना रोखा फाडून १७२ रुपयांचा नवा लिहावा. आणखी तीन वर्षांनी तो झाला सुमारे २९६ चा. आता गंमत पाहा. आपल्याकडे दामदुपटाचा जुना नियम आहे. मुद्दलाइतके व्याज झाले की त्यापुढे एकावेळी मागता येत नाही. बहात्तर हे शंभराच्या आत, आणि दुसऱ्या खेपेचे १२४ हे १७२ च्या आत. नियम कोठेही मोडला नाही, आणि सहा वर्षांत रक्कम जवळजवळ तिप्पट झाली! कोर्टात कर्जदार हजर राहत नसे. बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होत.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा नेमका येथे आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. कोर्टाने नुसता रोख्यावरचा आकडा न पाहता मूळ व्यवहारापासूनचा हिशेब उकरून काढावा, असे त्याने सांगितले. आता अशा एखाद्या धनकोकडून २९६ चा रोखा दोनशेला विकत घेणाऱ्याची अवस्था डोळ्यांपुढे आणा. त्याला वाटले, शहाण्णव मिळवले. कोर्टाने पाहिले ते मूळचे शंभर. विकणाऱ्याला जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. म्हणून कोणी गहाणखत विकायला आणले तर त्याचा आकडा नंतर विचारावा. आधी मुद्दल किती दिले, वसूल किती आला, हे खुद्द ऋणकोकडून लिहून घ्यावे. गहाणाच्या हस्तांतराचा दस्त नोंदवून ऋणकोला लगेच कळवावे. नाहीतर तो बिचारा जुन्याच धनकोला पैसे भरून मोकळा होईल, आणि दोष त्याचा असणार नाही.

गहाणलहाण हा प्रकार तर याहून फसवा. मुदतीत पैसे न फेडल्यास जमीन धनकोची, अशी त्यात अट असे. १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टाने रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात ठरविले की, अशी अट असली तरी गहाण ते गहाणच. ते सोडविण्याचा हक्क बुडत नाही. मग लोकांनी युक्ती काढली. एका कागदावर उघड खरेदी, दुसऱ्यावर परत देण्याचा करार. १९२९ च्या दुरुस्तीने परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, असे झाले. वाद कमी झाले खरे, पण ज्याला दुसरा कागद म्हणजे काय हे कळत नव्हते त्याची जमीन कायमची गेली. हा नियम आम्हांला आजही बोचतो.

२००२ च्या कायद्यानंतर बँका थकलेली गहाणकर्जे त्याच कामासाठी निघालेल्या कंपन्यांना विकतात, आणि घरे ‘आहे तेथे, आहे तसे’ या अटीवर लिलावात येतात. त्या चार शब्दांत घरात राहणारा भाडेकरू, थकलेला कर, सोसायटीची बाकी, सारे येऊ शकते. बोलीपूर्वी जागेवर जाऊन दार ठोठवावे. जमीन शेतीची असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यापासून वाचायला सुरुवात करावी, आणि स्वतः शेतकरी नसाल तर ती घेण्याची परवानगी आहे का, हे वकिलाला विचारावे. व्याजाने पैसे देण्याचा धंदाच करायचा तर परवाना हवा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली, बेकायदा सावकारीतून जमीन घेतली असे चौकशीत ठरले, तर जिल्हा निबंधक खरेदीखत बाजूला सारून ती मूळ मालकाला परत देववू शकतो.