वारुळावरची अळंबी

श्रावणात नागपंचमीला वारुळाची पूजा होते आणि त्याच दिवसांत कोकण-गोव्याच्या रानात वारुळांवर अळंबी उगवतात. गोव्यात त्यांना 'रोण अळमी' म्हणतात. रोण म्हणजे वारूळ. विदर्भात जंगलालगतच्या बाजारांत सात्या आणि टेकोडे येतात. वारुळावरची ती खायची, बाकीच्या कुत्र्याच्या छत्र्या, असे जाणती माणसे सांगतात. पण ही अळंबी वारुळावरच का उगवतात, हा प्रश्न आम्हाला एका शिबिरात आठवीतल्या मुलीने विचारला. त्याचे पुरते उत्तर मिळायला विज्ञानाला सव्वादोनशे वर्षे लागली आहेत.

सुरुवात झाली तंजावरला, मराठ्यांची गादी होती त्या मुलखात. लिनियसचा शिष्य योहान कोनिग हा १७६८ मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. त्याने वाळवीची घरे उकरून पाहिली आणि १७७९ मध्ये त्यांचे वर्णन छापले. आत स्पंजासारखे, सुरकुतलेले गोळे होते व त्यांवर खसखशीसारखे पांढरे दाणे. ही बुरशी असून वाळवीच्या पिलांचे खाद्य असावी, असा तर्क त्याने केला. (वारूळ मुंग्यांचे, असे पुष्कळ मुले लिहितात. ते बांधते वाळवी, आणि वाळवीचे जवळचे नाते झुरळाशी आहे!)

वारुळावरच्या छत्रीचा अभ्यास मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. श्रीलंकेतून गेलेल्या वाळक्या नमुन्यांवरून इंग्लंडातील पाद्री माइल्स बर्कली यांनी १८४७ मध्ये एका जातीला नाव दिले. कपाटातल्या वाळक्या छत्रीवरून खाली वारूळ होते हे कसे कळावे? पुढे निरनिराळ्या अभ्यासकांनी ही अळंबी निरनिराळ्या वंशांत टाकली. टॉम पेच हे पेरादेनियाच्या वनस्पती-उद्यानात काम करीत. त्यांनी वारुळे खणून १९०६ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. वाळवीने सोडून दिलेल्या गोळ्यांवर काळ्या काड्यांसारखी निराळीच बुरशी उगवते, हेही त्यांनी नोंदले. म्हणजे वाळवी आपल्या बागेची राखण करते, तण वाढू देत नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत सुंदर निरीक्षण. अखेर १९४२ मध्ये पॅरिसचे रॉजे हाइम यांनी या अळंब्यांसाठी टर्मिटोमायसिस हा स्वतंत्र वंश केला. दक्षिण भारतातील एका जातीला १९७९ मध्ये त्यांचेच नाव मिळाले.

आता आतला व्यवहार पाहू. कामकरी वाळवी वाळका पाला नि लाकूड खाते आणि अर्धवट पचलेली विष्ठा गोळ्यावर थापते. लाकडातील चिवट लिग्निन बुरशी फोडते. मग वाळवी पांढरे दाणे आणि जुना गोळा खाते. पाऊस मुरला की बुरशी छत्री वर पाठवते. तिचे टोक माती भेदण्याइतके कठीण असते, आणि मोठ्या जातींत देठाची मुळी खोल गोळ्यापर्यंत गेलेली असते. डीएनएच्या अभ्यासातून २००२ मध्ये दिसले, की ही शेती आफ्रिकेत एकदाच सुरू झाली. टांझानियात सापडलेल्या अशा बागांचे जीवाश्म सुमारे अडीच कोटी वर्षांचे आहेत.

त्याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. बहुतेक जातींत पंखवाली राणी नव्या घरी बुरशी नेत नाही. पहिले कामकरी बाहेर पडून जुन्या छत्र्यांतून उडालेले बीजाणू गोळा करून आणतात. बाजारात मात्र मिटलेल्या कळ्यांना भाव जास्त, कारण त्या टिकतात. कळी बीजाणू सोडण्याआधीच खुडली जाते. एका रानातल्या साऱ्या कळ्या गेल्या, तर तेथील नव्या वारुळांना बियाणे कोठून मिळणार? वाळवीवाचून या अळंबीची व्यापारी शेती आजवर जमलेली नाही.

ओळखीबद्दल शिक्षकांना एक आग्रहाचे सांगणे. चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण काळवंडणे, किडीने खाल्लेले असणे, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. अमानिटाच्या जहरी जातींतील विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात, मध्ये बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. वर्गात चव घेऊ देऊ नये. छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी ठेवावी. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. वारुळावरच्या अळंबीचा तो गुलाबीसर असतो. हिरवळीवर उगवणाऱ्या, पोटात गेल्यास ओकाऱ्या आणणाऱ्या एका मोठ्या छत्रीचा ठसा हिरवट पडतो, तर अमानिटाचा पांढरा. गुलाबी ठसा इतर काही अळंब्यांचाही असतो, म्हणून तेवढ्यावरून खाण्याचा निर्णय मात्र करू नये. ठशाखाली तारीख, जागा आणि खाली वारूळ होते की नाही, हे मुलांकडून लिहून घ्यावे. बर्कलींच्या नमुन्यांवर नेमकी हीच शेवटची नोंद हवी होती.